ओपन म्हणजे पुरुष, असं कुठं लिहिलंय?

गेल्या वर्षी सरपंचपदाची सोडत निघाली. शाळेतल्या पोराने बरणीत हात घातला, चिठ्ठी काढली आणि आमच्या गावाला सर्वसाधारण निघालं. अर्ध्या तासात गावच्या ग्रुपवर मेसेज: "ओपन सुटलं रे!!" खाली फटाके, गुलाल, नाचणारी बाहुली. संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात चहा कुणी पाजला ते सांगत नाही, पण मीही प्यायलो.

२०२१ ला आमच्याकडं "महिला पडलं" होतं. आता "ओपन सुटलं". शब्द बघा. वीज पडते, दुष्काळ पडतो, धाड पडते, तसं महिला आरक्षण पडतं. आणि माणूस जामिनावर सुटतो तसं ओपन सुटतं. पाच वर्षं गाव कुठल्या जेलात होतं म्हणे?

आता मुदत संपलीय, निवडणूक लागेल तेव्हा लागेल. पण मागच्या आठवड्यात वहिनींनी पारावर चार लोकांत सांगून टाकलं, "मी परत उभी राहणार." आणि गावात जो काही गोंधळ माजलाय, त्यासाठी ही पोस्ट आहे. गावाचं आणि वहिनींचं नाव लिहीत नाही. गावातल्यांना लिहायची गरज नाही, बाहेरच्यांना उपयोग नाही.

ग्रुपवर आलेले मेसेज वाचून दाखवतो. "पाच वर्षं बसली ना, आता गड्यामाणसाला बसू द्या." "महिलांसाठी वेगळं असतंय, मग ओपनमध्ये कशाला घुसायचं?" "वहिनींचा मान ठेवून सांगतो, त्यांनी थांबावं." आणि एकाने तर, वयाने माझ्यापेक्षा मोठा आहे म्हणून नाव घेत नाही, लिहिलं की "दादाला उभा करा, घर तेच राहील." म्हणजे पाच वर्षं ग्रामपंचायतीत जिने काम केलं तिने घरी बसायचं आणि ज्याने केलं नाही त्या नवऱ्याने उभं राहायचं, कारण चिठ्ठी ओपनची निघाली.

या सगळ्यांना माझा एकच प्रश्न आहे. ओपन म्हणजे पुरुष, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? कलम दाखवा, मी पोस्ट डिलीट करतो.

पण आधी या पाच वर्षांचं सांगतो, कारण अर्ध्या लोकांना ते माहीत नाही आणि उरलेले विसरल्याचं सोंग करतायत.

१५ जानेवारी २०२१ ला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यात आपलंही होतं. त्या वेळी सरपंच जनतेतून नव्हता, सदस्यांतून होता. आणि सरकारने सोडत निवडणुकीनंतर ठेवली होती. त्यामुळं गुलाल उधळला तेव्हा आमच्या पॅनलमध्ये तीन जण मनातल्या मनात सरपंच झालेले होते. एकाने तर फेटा बांधून फोटोही काढून ठेवला होता. मग सोडत झाली आणि निघालं, सर्वसाधारण महिला. तिघांचीही तोंडं बघण्यासारखी होती.

त्या रात्रीच्या बैठकीला मी होतो. नऊ सदस्यांत आमचे सहा, त्यात बाया तीन. कुणाला करायचं यावर जी चर्चा झाली ती मला शब्द न् शब्द आठवते. कुणाचं शिक्षण किती, कोण काय काम करू शकेल, यातलं एक वाक्य झालं नाही. "ती जरा फटकळ आहे." "तिचा दीर तिकडच्या पार्टीत आहे." "ही बरी, जास्त बोलत नाही. आणि दादा आपल्यातला आहे." झालं, ठरलं. त्या तिन्ही बायांपैकी एकही बैठकीला नव्हती. वहिनींना आपण सरपंच होणार हे रात्री साडेअकराला नवऱ्याकडून कळलं.

वहिनी बारावी झालेल्या. सात वर्षं बचत गटाची हिशोबाची वही लिहीत होत्या, बँकेत जाऊन कर्जाचे हप्ते भरत होत्या. त्या वहीकडं आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

अभिनंदनाचा बॅनर लागला. दादाचा फोटो ढोपरापर्यंत, हात जोडलेला, गॉगल लावलेला. वहिनींचा फोटो वरच्या कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढा. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझाही चेहरा होता. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

पहिले दोन महिने दादाच सरपंच. मीटिंगला तोच, पंचायत समितीत तोच, तलाठ्याबरोबर चहाला तोच. वहिनी रजिस्टरवर सही करायच्या, तीसुद्धा रजिस्टर घरी यायचं तेव्हा. आणि डोंगल दादाच्या खिशात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वित्त आयोगाचे पैसे हल्ली चेकने निघत नाहीत. ई-ग्रामस्वराजवरून जातात आणि त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका पेन ड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. ज्याच्या खिशात डोंगल त्याच्या खिशात ग्रामपंचायत. पूर्वी निदान बाईचा अंगठा घ्यायला तिच्यापर्यंत जावं तरी लागायचं. आता तेही नाही.

मग एप्रिल आला आणि करोनाची दुसरी लाट आली. दादा पॉझिटिव्ह झाला, सतरा दिवस तालुक्याला ॲडमिट. गावात रोज दोन-चार जण तापाने पडत होते. शाळेत विलगीकरण कक्ष उघडायचा होता, गाद्या नाहीत, संडासला पाणी नाही. ग्रामसेवक म्हणाला, "दादा आल्यावर बघू." वहिनींनी विचारलं, "डोंगलवर नाव कुणाचं आहे?"

त्या दिवसापासून डोंगल वहिनींच्या कपाटात गेलं. दादा बरा होऊन आला, मागितलं, दिलं नाही. घरात काय महाभारत झालं ते मला माहीत आहे पण ते त्यांचं घरचं आहे. दादा माझा मित्र आहे, आणि त्याच्याबद्दल एवढं सांगितलंच पाहिजे की महिना-दोन महिने तो फुगून बसला आणि मग मुकाट्याने गाडी काढून वहिनींना पंचायत समितीत सोडायला लागला. बाहेर झाडाखाली बसायचा. सगळ्यांच्या नवऱ्याला हे जमत नाही.

यानंतर पाणी. जलजीवन मिशनची टाकी झाली, पाइप टाकले, ठेकेदाराचं बिल अडकलं होतं. कागद पूर्ण करायला ग्रामसभेचा "हर घर जल"चा ठराव पाहिजे होता. गावठाणात पाणी येत होतं, वरच्या वस्तीवर एक थेंब नव्हता. ठेकेदार म्हणाला, ठराव करा, नंतर बघतो. उपसरपंचापासून सगळे म्हणाले, करून टाका, कशाला वाईटपणा. वहिनींनी ग्रामसभेत उभं राहून विचारलं, वरच्या वस्तीवरच्या बाया इथं बसल्यात, त्यांच्या तोंडावर म्हणा की घरोघरी पाणी आलंय. कुणी म्हटलं नाही. ठराव झाला नाही. आठ महिने झाला नाही. शेवटी वेगळी मोटर बसली, पाइप बदलले, वस्तीवर एक दिवसाआड का होईना पाणी चढलं, मग ठराव झाला.

आणि त्यानंतर काय झालं? अविश्वास ठराव! कारण लिहिलेलं, "सदस्यांना विश्वासात घेत नाहीत." दुसऱ्या पॅनलचे तिघे आणि आमचे तीन एक झाले. नऊपैकी सहा. दोन तृतीयांश पुरले असते तर वहिनी त्याच दिवशी घरी गेल्या असत्या. पण सरपंचपद महिला राखीव असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे तीन चतुर्थांश लागतात. नऊचे तीन चतुर्थांश म्हणजे सात. एका मताने वाचल्या. "बाई म्हणून वाचली" असं लोक अजून हसत सांगतात. बरोबर आहे, बाई म्हणूनच वाचली. कारण बाई म्हणूनच पाडायला निघाले होते. पुरुष सरपंचाने ठेकेदाराचं बिल अडवलं असतं तर त्याला "खमक्या माणूस" म्हटलं असतं.

हे आपल्याच गावात झालंय असं समजू नका. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं. सासू सरकारी जागेवर राहते आणि सूनही तिथंच राहते, असा अर्ज गावातल्यांनीच केला. त्या म्हणत होत्या, मी नवरा-मुलांबरोबर वेगळी, भाड्याने राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी कायम केलं, हायकोर्टातही काही झालं नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं आणि निकालात स्पष्ट म्हटलं की बाई सरपंच झाली हेच गावातल्यांना पचलं नव्हतं, आणि अधिकाऱ्यांनीही निवडून आलेल्या बाईला इतक्या सहजपणे घालवायला नको होतं. एका छोट्या गावच्या सरपंचबाईला आपली खुर्ची टिकवायला दिल्ली गाठावी लागली. तुमच्या माहितीत किती पुरुष सरपंचांच्या सासूचं घर कुणी मोजायला गेलंय?

आता त्या ठरलेल्या वाक्याकडं येऊ. "बायांचं काय, सगळं नवराच बघतो."

बघतो. खरं आहे. पण तो का बघतो हे विचारा की. आपला मोबाईल काढा आणि "सरपंच" असं टाइप करा. आता ज्या गावात बाई सरपंच आहे तिथल्यांनी बघा, तो नंबर कुणाचा आहे? माझ्या मोबाईलमध्ये दीड वर्ष दादाचा होता. लाइट गेली, दादाला फोन. दाखला पाहिजे, दादाला फोन. वहिनी समोर ओट्यावर बसलेल्या असताना मी त्यांना विचारलंय, "दादा कुठं गेलाय, जरा ग्रामपंचायतीचं काम होतं." त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काम मला सांगितलं तरी चालेल, भाऊजी." मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

म्हणजे आपणच फोन नवऱ्याला करायचा, खुर्ची त्याला द्यायची, सत्काराची शाल त्याच्या खांद्यावर टाकायची आणि मग म्हणायचं, बघा, बाईला काही कळत नाही, सगळं नवराच करतो. इंजिनिअर त्याला विचारतो, तलाठी त्याला विचारतो, पोलीस स्टेशनमधून फोन त्याला येतो. "सरपंच पती" अशी पाटी गाडीवर लावून माणसं फिरतात आणि टोलनाक्यापासून बँकेपर्यंत सगळे त्यांना नमस्कार करतात. असं पद कुठल्या कायद्यात आहे? केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने २०२३ मध्ये यावर समिती नेमली होती. २०२५ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यात असल्या पतिराजांना जबर दंड करा अशी शिफारस आहे. करा, माझी ना नाही. पण दंड एकट्या नवऱ्याला करून भागणार नाही. त्याला "सरपंच, नमस्कार" म्हणणाऱ्या दोन हजार लोकांचं काय?

दुसरं पेटंट वाक्य. "रात्री दोन वाजता भांडण झालं, ॲक्सिडेंट झाला, तर बाई येणार का?" आमच्या गावात रात्री दोन वाजता बाळंतिणीला गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात कोण नेतं? आशाताई. तिला कुणी विचारत नाही, रात्रीचं बाईमाणूस कसं काय बाहेर. तेव्हा चालतं. वर्षाला पंढरीच्या वारीत मैलोन् मैल चालणाऱ्या बाया चालतात, ऊसतोडीला पहाटे तीनला उठून कोयता घेणारी चालते. फक्त खुर्चीवर बसायची वेळ आली की एकदम अंधाराची काळजी वाटायला लागते. आणि रात्री दोनला आपले किती पुरुष सरपंच शुद्धीवर असतात हा विषय मी काढत नाही.

पण माझं मुख्य भांडण या दोन वाक्यांशी नाहीच. ती आता जुनी झाली. नवं वाक्य आलंय, आणि ते सभ्य माणसं बोलतात, शिकलेली बोलतात, म्हणून जास्त घातक आहे. "तुमच्यासाठी राखीव आहे ना? मग ओपन आमच्यासाठी सोडा."

बाबांनो, राखीव म्हणजे काय आणि ओपन म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून लागू झाली. त्यात महिलांना एक तृतीयांशपेक्षा कमी नाही इतक्या जागा, असा शब्द आहे. कमी नाही! ही खालची रेघ आहे, वरची नाही. महाराष्ट्राने २०११ मध्ये ती निम्म्यावर नेली. म्हणजे निम्म्या जागांवर बाईच पाहिजे आणि उरलेल्या निम्म्यावर कुणीही चालेल. कुणीही म्हणजे बाईसुद्धा. राखीव जागेवर पुरुषाला बंदी आहे, ओपन जागेवर बाईला बंदी नाही. आपण मात्र एसटीतल्यासारखं करून ठेवलंय. "महिलांसाठी" लिहिलेल्या सीटा बायांच्या, आणि बाकी अख्खी बस पुरुषांची. बाई मागच्या सीटवर बसली तर, "तुमच्या सीटा पुढं आहेत की!" हेच आपण जातीच्या आरक्षणातही करतो. दलित उमेदवार ओपनला उभा राहिला की हीच कुजबुज. ओपन म्हणजे आपल्या वाडवडलांचा सातबारा असल्यासारखं वागतो आपण.

आणि हे सोडतीचं चक्र असं फिरतं की बाईने काम करावं तरी का असा प्रश्न पडावा. पाच वर्षं ती शिकते. कागद कळायला लागतात, बीडीओ ओळखायला लागतो, ग्रामसेवकाच्या थापा पकडता येतात. आणि नेमकी त्याच वेळी सोडत फिरते, ओपन निघतं, आणि आपण तिला हळदीकुंकवाला परत पाठवतो. पुढची "महिला पडेल" तेव्हा नवी, न बोलणारी शोधू. पुन्हा पहिल्यापासून. विहिरीला पाणी लागलं की बुजवायची आणि दुसरी खणायची, असं कुठला शेतकरी करतो?

कुणी म्हणेल, ओपनमध्ये बाई निवडून येतच नाही. येते. मुंबई महापालिकेत १९९७ ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते त्यातले बरेच २००२ ला खुले झाले. रिखिल भावनानी नावाच्या अभ्यासकाने ते वॉर्ड तपासले. आधी राखीव राहून गेलेल्या वॉर्डात, आरक्षण निघून गेल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट निघाली. कारण साधं आहे. लोकांनी बाईला काम करताना बघितलं होतं, आणि बाईनेही आपण लढू शकतो हे बघितलं होतं. आकडे नाही पटले तर सोडून द्या, वरच्या वस्तीवर जाऊन विचारा.

आणि जिथं राखीव नाही तिथं काय होतं तेही बघा. २०२४ ची विधानसभा. अख्खी निवडणूक लाडक्या बहिणीच्या नावावर झाली. प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक बॅनरवर बहीण, प्रत्येक भाषणात बहीण, पंधराशे की एकवीसशे की तीन हजार याचा लिलाव चालू. त्या निवडणुकीत ४,१३६ उमेदवार होते, त्यात बाया ३६३. शंभरात नऊसुद्धा नाहीत. निवडून आल्या २१. २८८ मध्ये २१! आधीच्या वेळी २४ होत्या, म्हणजे कमी झाल्या. खाली ग्रामपंचायतीत, झेडपीत, महापालिकेत निम्म्या बाया, कारण कायदा आहे. वर विधानसभेत शंभरात सात, कारण तिथं सगळं "ओपन" आहे. लोकसभा-विधानसभेसाठी एक तृतीयांशचा कायदा २०२३ मध्ये संसदेत झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला बांधून ठेवला. बहिणीला ओवाळणी लगेच पाहिजे तर खात्यात येते, वाटणी मागितली की मोजणी बाकी असते.

इथं एक दादा लगेच म्हणणार, "निवडून येतात त्याही कुणाच्या तरी मुली, सुना, बायकाच ना." हो, बऱ्याच. घराणेशाही आहेच. गोव्यात १९७३ ला शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या त्याही भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या होत्या. (महाराष्ट्राला १९६० पासून तेवढंही जमलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.) पण आमदाराचा पोरगा आमदार झाला की आपण म्हणतो "वारसा चालवतोय", आणि पोरगी झाली की घराणेशाही आठवते. शिव्या द्यायच्या तर दोघांना द्या. आणि घराणं मागं नसलेल्या बायका या राज्यात झाल्याच नाहीत काय? गोरेगावच्या मृणाल गोरे पाण्याच्या मोर्चातून वर आल्या, महापालिकेत गेल्या, विधानसभेत गेल्या, १९७७ ला लोकसभेत गेल्या. लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायचे. आमच्या वरच्या वस्तीवर वहिनींना काय म्हणतात ते तिकडं जाऊन ऐका.

नेत्यांचं तर बोलायलाच नको, आणि यात मी कुठल्याही पक्षाला सोडत नाही, म्हणजे उगाच कुणी मला कुठल्या गटात टाकायला नको. २०२२ ला ओबीसी आरक्षणाच्या वादात चंद्रकांत पाटलांनी सुप्रिया सुळेंना घरी जाऊन स्वयंपाक करायचा सल्ला दिला. नंतर दिलगिरी. २०२४ ला अरविंद सावंतांच्या तोंडून शायना एनसींबद्दल "माल" हा शब्द निघाला. नंतर खेद. आणि त्याच वर्षी बारामतीत शरद पवारांनी मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार असा भेद केला, सुनेत्रा पवार उभ्या होत्या तेव्हा. नंतर खुलासा. ज्या माणसाने मुख्यमंत्री असताना १९९४ ला राज्याचं महिला धोरण आणलं त्याच्याकडून हे ऐकताना मला तर जास्त लागलं. कारण "बाहेरून आलेली" हा शब्द आमच्या गावात वहिनींबद्दलही फिरतोय. "ती काय आपल्या गावची आहे का, दिलेली आहे." बावीस वर्षं झाली तिला या गावात. माहेरी परक्याचं धन आणि सासरी बाहेरून आलेली. मग बाईचं गाव कुठलं? फक्त मतदार यादीतलं?

बायाच बायांना मत देत नाहीत, असंही एकाने लिहिलंय. यात थोडं तथ्य आहे, मी खोटं बोलणार नाही. माझी आईच परवा म्हणाली, "बाईमाणसानं किती पुढं पुढं करायचं, आता बास की." मी म्हटलं, तुझ्या भावाने तीन वेळा सोसायटीचं चेअरमनपद केलं, त्याला कधी बास म्हणालीस? ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. पण ज्या बाईने जन्मभर हेच ऐकलं तिच्याकडून मी दुसरं काय ऐकणार. मी पंचेचाळिशीचा गडी, मला समजायला दीड वर्ष लागलं.

आणि ज्यांना वाटतं हे सगळं नवीन खूळ आहे, त्यांच्यासाठी. बारामती तालुक्यातल्या निंबुतमध्ये १९६३ ला अख्खी ग्रामपंचायत बायांची होती, सरपंच कमलाबाई काकडे. कुठलंही आरक्षण नसताना. जळगावच्या विटनेरमध्ये १९८९ च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या बायांनी सगळं पॅनल बायांचं उभं केलं आणि निवडून आणलं. तेव्हाही ७३ वी घटनादुरुस्ती नव्हती. तुमच्या माझ्या आज्यांच्या वयाच्या बाया होत्या त्या. आणि आपण २०२६ मध्ये ग्रुपवर लिहितोय, वहिनींनी थांबावं.

आता वहिनींच्या चुका. त्या लपवल्या तर ही पोस्ट लिहायचा मला हक्क नाही. पहिला सिमेंट रस्ता त्यांच्याच आळीत झाला. चुकलं. घरपट्टीची वसुली त्यांच्या काळात ढिली पडली, लोकांची तोंडं बघून सोडून दिली, त्यामुळं स्ट्रीट लाइटचं बिल थकलं आणि दोन महिने अंधार होता. चुकलं. अंगणवाडीच्या दुरुस्तीचा निधी आला होता, कागद वेळेत गेले नाहीत, परत गेला. हे तर फारच चुकलं. कुणी या तीन गोष्टींवर वहिनींना पाडत असेल तर पाडा, मी टाळ्या वाजवीन. निवडणूक असते त्यासाठीच. पण ग्रुपवरच्या एकशे सत्तर मेसेजमध्ये रस्ता, वसुली, अंगणवाडी यातला एक शब्द नाही. सगळा विषय एकच, ओपनमध्ये बाई कशाला.

समोर ज्यांची नावं चालू आहेत त्यातले एक जण २०१० ते २०१५ सरपंच होते. त्या पाच वर्षांत मासिक सभेची इतिवृत्तं एका हाताने, एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेली आहेत, मी स्वतः माहिती अधिकारात बघितलीत. त्यांना कुणी विचारलं का, तुम्ही परत कशाला?

यावेळी सरपंच थेट जनतेतून आहे. नऊ जणांच्या बैठकीत रात्री साडेअकराला ठरवता येणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर पॅनलची बैठक आहे, आणि या खेपेला मी सांगून ठेवलंय की बाया येणार, मागं उभ्या राहणार नाहीत, सतरंजीवर बसणार. तिथं मी वहिनींचं नाव मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचाय त्यांनी जरूर यावं, येताना पाण्याचा, रस्त्याचा, घरपट्टीचा हिशोब घेऊन यावं. वहिनी त्यांची वही आणणार आहेत.

आणि हो, दादा येतो म्हणालाय. सतरंज्या त्याच्याकडं आहेत.